सानियाने एकेरी सोडली ती हरली म्हणून का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी 13 वर्षांची आहे, जिल्ह्याच्या गावी टेनिस खेळते. फोरहँड जोरदार आहे, पण पळायला जरा जड आणि सेकंड सर्व्ह (पहिली सर्व्हिस चुकल्यावर मिळणारी दुसरी) कच्ची. क्लबातल्या एका जाणत्यांनी सल्ला दिलाय की एकेरीत हिचं काही जमायचं नाही, सानिया मिर्झाचंही जमलं नव्हतं, ती दुहेरीत गेली आणि जगात पहिली आली. तेव्हा हिलाही आत्तापासूनच दुहेरीत घाला. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण सानियाची कारकीर्द त्यांनी शेवटाकडून वाचली आहे. मी बरीच वर्षं मुलामुलींना शिकवतोय आणि हा समज पालकांकडून वरचेवर ऐकतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी एकेरीचा हिशेब बघा. जानेवारी 2005 मध्ये 18 वर्षांची सानिया वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये आली आणि तिसऱ्या फेरीत पोचली. तिथे तिला सेरेना विल्यम्सने 6-1, 6-4 असं हरवलं, आणि सेरेनाने पुढे ती स्पर्धाच जिंकली. पहिला सेट कसाबसा गेला. दुसऱ्या सेटमध्ये मात्र सानियाने रॅलीत सेरेनाला थेट फोरहँडने मागे ढकललं होतं. पुढच्याच महिन्यात हैदराबादला, घरच्या प्रेक्षकांसमोर, तिने डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरचं, एकेरीचं विजेतेपद मिळवलं. त्याआधी एकाही भारतीय स्त्रीला ते जमलं नव्हतं. मार्चमध्ये दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं, आणि कुझनेत्सोव्हा तेव्हा यूएस ओपनची विद्यमान विजेती होती. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये सानिया चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि शारापोव्हाकडून हरली. ऑगस्ट 2007 मध्ये ती एकेरीत जगात 27 व्या क्रमांकावर होती.

27 हा आकडा लोक सहज बोलून जातात. तिच्यानंतर आजवर एकाही भारतीय मुलीला एकेरीत पहिल्या 100 मध्येसुद्धा जाता आलेलं नाही. तिच्या आधीचं बघायचं तर निरुपमा वैद्यनाथनने 1998 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला मुख्य ड्रॉमधला एक सामना जिंकला होता आणि तेवढ्याची मोठी बातमी झाली होती. फारच मागे गेलं तर 1934 च्या विम्बल्डनला एक सामना जिंकणाऱ्या लीला राव भेटतात. पंडिता क्षमाबाई राव यांच्या त्या कन्या. क्षमाबाई स्वतःही टेनिस उत्तम खेळायच्या, संस्कृतात लिहायच्या. (आपल्याकडे क्षमाबाईंचं नाव साहित्यवाल्यांना माहीत असतं आणि टेनिसवाल्यांना नसतं, ही गंमतच आहे.) सांगायचा मुद्दा एवढाच की एकेरीत "जमलं नाही" हे वाक्य ज्या खेळाडूबद्दल बोललं जातंय, तिच्याएवढं आपल्या देशात कुठल्याच मुलीला जमलेलं नाही.

मग तिने एकेरी सोडली का? उजव्या मनगटामुळे आणि गुडघ्यांमुळे.

इथे जरा तांत्रिक बोलावं लागेल, कारण तुमच्या मुलीचाही फोरहँडच मोठा आहे. सानियाचा फोरहँड बघताना डोळा मनगटावर ठेवा. चेंडू उसळी घेऊन वर चढत असतानाच ती तो घ्यायची, फारसा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) न देता सपाट मारायची, आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगट असं सोडायची की समोरच्या मुलीला दिशा कळायची नाही. क्रॉस कोर्टची तयारी दिसायची आणि चेंडू लाइनीवरून जायचा. प्रतिस्पर्ध्यांना तो फटका नकोसा व्हायचा, पण त्याची किंमत मनगट मोजत होतं. टॉपस्पिनवाली मुलगी चेंडू नेटच्या बऱ्याच वरून नेते आणि खांदा, कंबर, पाय वापरून भार वाटून घेते. उशिरा मनगट सोडणाऱ्या सपाट फटक्यात शेवटचा धक्का नेमका त्या लहानशा सांध्यावर येतो. हार्ड कोर्टवर, आठवड्याला चार-पाच सामने, शिवाय सराव. असं वर्षानुवर्षं चाललं की सांधा कुरकुरतो.

2008 मध्ये त्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये इवेटा बेनेसोव्हाविरुद्ध पहिल्याच फेरीत तिला मनगट दुखून सामना अर्ध्यावर सोडावा लागला. गुडघ्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक वेळी क्रमवारी घसरायची, पुन्हा पात्रता फेऱ्या, पुन्हा चढण. 2012 नंतर तिने एकेरी थांबवली आणि पुढच्या वर्षी तसं जाहीरही केलं.

आता दुहेरी शरीराला काय देते ते मोजून बघा, कारण पालक हे कधी मोजत नाहीत. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. पण दुहेरीत ते दोघींत वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 18 फूट. बाजूला पळण्याचं क्षेत्र एक तृतीयांशाने घटलं. सर्व्हिस एकेरीत दर दुसऱ्या गेमला करावी लागते, दुहेरीत दर चौथ्या. रिटर्न (समोरची सर्व्हिस परतवणं) अर्धेच, कारण एक गुण जोडीदार घेते. शिवाय तिच्या दुहेरीच्या काळात टूरवरच्या दुहेरीत 40-40 झालं की पुढचाच गुण निर्णायक, आणि सेट 1-1 झाले तर तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक. ग्रँड स्लॅममधल्या महिला दुहेरीला तेव्हा हे लागू नव्हतं, तिथे पूर्ण तीन सेट. पण वर्षभराचा हिशेब केला तर मनगटावर पडणारे फटके किती कमी होतात, ते तुमच्या लक्षात येईल.

आणि खेळाच्या बाजूनेही तिचं गणित जुळलं. तिची सेकंड सर्व्ह एकेरीत प्रतिस्पर्ध्यांना आमंत्रण होती. दुहेरीत तीच सर्व्हिस पडते तेव्हा नेटवर जोडीदार उभी असते, त्यामुळे रिटर्न करणारीला मोकळेपणी हाणता येत नाही. चेंडू जोडीदारापासून लांब ठेवायचा, म्हणजे पुन्हा तो सानियाच्या फोरहँडकडे जाण्याची शक्यता जास्त. उलट समोरची सर्व्हिस असेल तेव्हा सानियाचा रिटर्न इतका वेगाने आणि खाली यायचा की सर्व्हिस करणारीला चेंडू धड परतवता यायचा नाही, तो उचलला जायचा. आणि उचललेला चेंडू नेटवरच्या जोडीदाराने संपवायचा. एकेरीत कमजोरी झाकायला माणूस नसतो, दुहेरीत असतो. फक्त तो माणूस नीट निवडावा लागतो.

म्हणून ती दुहेरीत उतरली तेव्हा रिकाम्या हाताने उतरली नव्हती, हे लक्षात घ्या. 2003 मध्ये तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर विम्बल्डनचं मुलींचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. महेश भूपतीबरोबर ती 2008 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीत अंतिम फेरीत हरली आणि 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकली. भूपतीशी जुनं नातं होतं: लहानपणी हैदराबादेत तिचे सुरुवातीचे धडे त्याच्याच वडिलांकडे, कृष्णा भूपती यांच्याकडे झाले होते. पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून वडील इम्रान मिर्झाच तिच्यासोबत राहिले. 2011 मध्ये एलेना वेस्निनाबरोबर ती फ्रेंच ओपनच्या महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचली. 2012 मध्ये पुन्हा भूपतीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, 2014 मध्ये ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर यूएस ओपनची. मध्ये 2012 च्या ऑलिंपिकला कोणी कोणाबरोबर खेळायचं यावरून आपल्या संघटनेत आणि पुरुष खेळाडूंमध्ये जो तमाशा झाला, त्यात तिला विनाकारण ओढलं गेलं. तिने तेव्हा जाहीर पत्रक काढून आपली नाराजी स्पष्ट सांगितली, आणि माझ्या मते ते योग्यच केलं.

कारा ब्लॅकबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही. झिम्बाब्वेची ही खेळाडू उंचीने लहानखुरी, पण दुहेरीतला मेंदू म्हणावा तर तिचा. 2013 आणि 2014 मध्ये सानिया तिच्याबरोबर खेळली. 2014 च्या मोसमाच्या शेवटी सिंगापूरच्या डब्ल्यूटीए फायनल्समध्ये त्यांनी शिये सू-वेई आणि पेंग श्वाई यांना 6-1, 6-0 असं झोडपलं. अंतिम सामन्यात इतका एकतर्फी गुणफलक विरळाच. सानियाचं नेटवरचं खेळणं या दोन वर्षांत बदललं, असं मला तेव्हाचे आणि आधीचे सामने शेजारी ठेवून बघताना जाणवतं. आधी ती बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) मारून मोकळी व्हायची. कारासोबत ती चेंडू मारल्यावर पुढे सरकायला लागली.

कारा थांबली. 2015 च्या सुरुवातीला सानियाने शिये सू-वेईबरोबर खेळून पाहिलं, सूर जुळला नाही. मार्चमध्ये मार्टिना हिंगिस आली.

हिंगिस म्हणजे एकेरीतली माजी अव्वल खेळाडू, 1997 ची विम्बल्डन एकेरी विजेती. 2006 मध्ये सोलला सानियाने तिला एकेरीत हरवलं होतं, आणि कोलकात्यात सानियाला तिच्याकडून हार पत्करावी लागली होती. म्हणजे दोघी एकमेकींना नेटच्या पलीकडून चांगल्या ओळखत होत्या. जोडी जमली तेव्हा बाजू वाटल्या गेल्या त्या अशा: उजवीकडचं ड्यूस कोर्ट सानियाकडे, डावीकडचं अ‍ॅड कोर्ट हिंगिसकडे. सानियाचा फोरहँड बाहेरच्या अंगाला मोकळा, हिंगिसचा दुहाती बॅकहँड तिच्या बाजूला. मधून येणारा चेंडू कोणाचा हे अनेक जोड्यांचं दुखणं असतं. यांच्यात ते फारसं उरलं नाही, कारण नेटवर हिंगिस आधीच कापायला निघालेली असायची. हिंगिस हातात वेग घेऊन जन्माला आलेली नव्हती, तिला चेंडू कुठे येणार ते आधी दिसायचं. सानियाने मागून जोराने मारलं की समोरच्यांचे पर्याय दोन-तीनच उरायचे, आणि ते दोन-तीन हिंगिस वाचायची. जात्याला खुंटा मिळावा तसं झालं.

इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन. एकत्र खेळलेल्या पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. चार्ल्सटननंतर, 13 एप्रिल 2015 रोजी, सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली. भारतीय स्त्रीने असं पहिल्यांदाच केलं, आणि पुढे एकूण 91 आठवडे ती त्या जागेवर होती.

त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना तुमच्या मुलीला पूर्ण दाखवा, हायलाइट्स नकोत. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. म्हणजे तीच वेस्निना, जी चार वर्षांपूर्वी पॅरिसच्या अंतिम सामन्यात सानियाच्या बाजूला उभी होती. पहिला सेट 5-7 गेला. दुसरा टायब्रेकवर घेतला. तिसऱ्यात 2-5 अशी पिछाडी. इथे बहुतेक जोड्या धोका पत्करून जोरजोरात मारायला लागतात. यांनी उलट रिटर्न आणखी खाली, आणखी मधोमध ठेवायला सुरुवात केली, जेणेकरून समोरच्या दोघींनाच "तुझा की माझा" ठरवावं लागावं. 5-5 झालं तेव्हा उजेड कमी पडू लागला, सेंटर कोर्टचं छत बंद करायला खेळ थांबला. पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही गेम यांनीच घेतले. 5-7, 7-6, 7-5. दुसऱ्या दिवशी हिंगिसने लिएंडर पेसबरोबर मिश्र दुहेरीही जिंकली आणि मुलांच्या दुहेरीत आपला सुमित नागल विजेता ठरला; तो शनिवार-रविवार आपल्याकडे क्रिकेटच्या पानावरून टेनिस पहिल्या पानावर आलं होतं.

मग यूएस ओपन, मग 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन. सलग 41 सामने दोघी हरल्या नाहीत. फेब्रुवारी 2016 मध्ये दोहाला ती साखळी तुटली. ऑगस्टमध्ये दोघींनी जोडी मोडली, कारण निकाल पहिल्यासारखे येत नव्हते. एकूण 14 विजेतेपदं एकत्र.

हे सगळं वाचून वाटेल की मग दुहेरीच बरी. आता पैशाचं सांगतो. 2015 च्या विम्बल्डनला महिला एकेरीच्या विजेतीला 18 लाख 80 हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला 3 लाख 40 हजार, तेही दोघींत वाटून. म्हणजे सहा फेऱ्या जिंकून प्रत्येकीला 1 लाख 70 हजार. सानियाने कारकिर्दीत बक्षिसांतून 70 लाख डॉलरच्या वर कमावले, तेही 43 दुहेरी विजेतेपदं आणि सहा ग्रँड स्लॅम मिळवून. दुहेरीत जगात पहिली येणारी सुखाने जगते. पन्नासावी येणारी प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक यांचा खर्च भागवता भागवता थकते. एकेरीत पन्नासावी येणारीला मात्र प्रत्येक ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट प्रवेश असतो आणि पहिल्या फेरीत हरली तरी हातात ठोस रक्कम पडते. हा फरक मुलीला सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट क्लबातल्या जाणत्यांना बहुधा माहीत नाही. दुहेरीच्या ड्रॉमध्ये प्रवेश दोघींच्या क्रमवारीची बेरीज करून मिळतो, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी एकेरीची क्रमवारीही वापरता येते. म्हणून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) खालच्या पातळीवर एकेरी न खेळणाऱ्या मुलीला जोडीदारच मिळत नाही. जिची एकेरीची क्रमवारी चांगली आहे तिच्यासोबत खेळलं तर प्रवेश मिळतो, मग ती तुमच्या मुलीला का घेईल? शिवाय त्या पातळीवर मुली आठवडाभर एका गावात असतात ते एकेरीसाठी. दुहेरी बहुतेक वेळा "आलोच आहोत तर खेळू" अशा बेताने खेळली जाते. दुहेरीचा म्हणून स्वतंत्र व्यवसाय वरच्या पातळीवरच उभा राहतो. खाली तो नाहीच. सानियाने स्वतः आयटीएफच्या स्पर्धांत एकेरीची बरीच विजेतेपदं मिळवून मग टूर गाठली होती. हिंगिस एकेरीतून आली. दुहेरीच्या उत्तम खेळाडूंची यादी काढा आणि त्या 18 वर्षांच्या असताना काय खेळत होत्या ते बघा.

फोरहँडचा रिटर्न एकेरीत घडतो, हेही आहेच. दिवसाला शेकडो चेंडू दोन्ही बाजूंनी पळून मारले नाहीत तर तो रिटर्न येत नाही. दुहेरीतल्या मुलीला निम्मेच रिटर्न मिळतात, हे मी वर शरीराच्या फायद्याच्या बाजूने सांगितलं. 13 व्या वर्षी तोच तोटा असतो.

महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर बार्शीची प्रार्थना ठोंबरे बघा. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ती सानियाबरोबर महिला दुहेरी खेळली आणि दोघींनी कांस्यपदक आणलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकलाही ती सानियाची जोडीदार होती. सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून ऑलिंपिकपर्यंत. पुण्यात तयार झालेली अंकिता रैना एकेरीत देशात अव्वल राहिली, आणि टोकियो ऑलिंपिकला सानियाच्या शेजारी उभी राहिली. तो सामना आठवला की अजून चुटपुट लागते: युक्रेनच्या किचेनोक जुळ्या बहिणींविरुद्ध पहिला सेट 6-0, दुसऱ्यात 5-3 आघाडी, आणि शेवटी 6-0, 6-7, 8-10 अशी हार. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. या तिघींनीही एकेरी मनापासून खेळली आहे.

रिओचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या उपांत्य सामन्यात सानियाने व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांच्याविरुद्ध पहिला सेट 6-2 असा घेतला होता. पुढे तो सामना हातचा गेला आणि कांस्यपदकाचाही. लोक चौथ्या क्रमांकाला अपयश म्हणतात. माझ्या दृष्टीने तो तिच्या कारकिर्दीतला सर्वांत दुखरा आठवडा असेल, पण अपयश वगैरे नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये मुलगा झाला. जानेवारी 2020 मध्ये होबार्टला नादिया किचेनोकबरोबर ती परतली आणि पहिलीच स्पर्धा जिंकली. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कमरेचे स्नायू पुन्हा उभे करून त्या वेगाने खेळणं म्हणजे काय, ते मुलींना शिकवणारा माणूस जाणतो. 2023 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत हरून तिने ग्रँड स्लॅमचा निरोप घेतला. महिन्याभराने दुबईत मॅडिसन कीजबरोबर ती शेवटचा सामना खेळली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

आता तुमच्या मुलीचं.

सोळाव्या वर्षापर्यंत एकेरी मुख्य ठेवा, आणि प्रत्येक स्पर्धेत दुहेरीचा अर्ज भराच. दुहेरी खेळताना तिने बेसलाइनवर लपू नये, यावर प्रशिक्षकांनी नजर ठेवावी. आपल्याकडे 14 वर्षांखालच्या मुलींच्या दुहेरीत दोघी मागे उभ्या राहून एकेरीच खेळत असतात, ते बघवत नाही. तिला नेटवर उभं करा आणि रिटर्न कुठे येतोय हे चेंडू मारला जाण्याआधी ओरडून सांगायला लावा. चुकेल. चुकू द्या. पोच करायला (जोडीदाराकडे जाणारा चेंडू नेटवर मध्येच कापायला) शिकणं म्हणजे आधी अंदाज बांधायला शिकणं, आणि ते व्हॉलीच्या तंत्रापेक्षा जास्त वेळ खातं.

सेकंड सर्व्ह आत्ताच सुधारा. तिला चेंडूवर फिरकी द्यायला शिकवा, वेगाच्या मागे लावू नका. सानियाची तीच बाजू आयुष्यभर प्रतिस्पर्ध्यांच्या निशाण्यावर राहिली. तुमच्या मुलीकडे अजून वेळ आहे.

मनगटाचं मात्र आजच बघा. रॅकेट मोठ्या माणसाची, जड आहे का? गटिंग (रॅकेटच्या तारा) कडक पॉलिएस्टरचं करून घट्ट ओढलंय का? टीव्हीवरच्या खेळाडूंचं बघून मुलं तेच मागतात, आणि दुकानदार देतोही. या वयात मऊ गटिंग, कमी ताण. करंगळीच्या बाजूने मनगट दुखतं असं ती म्हणाली तर "चोळ आणि खेळ" म्हणू नका. खेळ थांबवा आणि खेळाडू तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. फोरहँड तोच ठेवा, पण फटका सुरू पायापासून आणि कमरेपासून व्हायला हवा. तुम्ही व्हिडिओ काढून बघा: चेंडू लागताना तिची छाती नेटकडे वळलेली आहे की ती उभी राहून फक्त हाताने मारतेय? दुसरं असेल तर पळायला जड वाटण्याचं कारणही तेच आहे. पाय लागतच नाहीत, म्हणून ते पळत नाहीत.

जोडीदाराबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय: मैत्रीण घ्यावी की चांगली खेळणारी? जिची कमजोर बाजू हिच्यापेक्षा वेगळी आहे, ती घ्या. दोघींचाही फोरहँडच मोठा असेल तर एकीला डाव्या बाजूला बॅकहँडवर उभं राहावं लागतं आणि ती बाजू रोज मार खाते. आणि जोडी मोडायची वेळ आली तर मोडू द्या, घरच्यांनी मध्ये पडू नये. सानिया-हिंगिस वेगळ्या झाल्या त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात दोघी समोरासमोर आल्या. सानिया आणि बार्बोरा स्ट्रिकोव्हाने हिंगिस आणि कोको व्हँडेवेघेला 7-5, 6-4 असं हरवलं. त्यानंतर मोसमाच्या शेवटी सिंगापूरला सानिया आणि हिंगिस पुन्हा एकत्र खेळल्या.